'पिक अप' : उचलण्यापलीकडचे अर्थ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोणत्याही गावाच्या फाट्यावर उतरले, की कानावर पडणाऱ्या पहिल्या काही शब्दांत 'पिकअप' हा शब्द हमखास असतो. एसटीची वाट पाहण्यासाठी बांधलेल्या निवाऱ्याला येथे 'पिकअप शेड' म्हणतात. मालवणच्या बंदरावरून बर्फात घातलेली मासळी घाटावर किंवा गोव्याकडे नेणारी छोटी मालगाडी, तीही 'पिकअप'च. तीच गाडी फोंडा घाटाच्या चढणीवर कुंथू लागली, की चालक म्हणतो, 'गाडयेक पिकअप नाय.' आणि मुंबईहून निघालेला पाहुणा तारकर्लीच्या घरगुती निवासाला दूरध्वनी करतो तेव्हा खोलीच्या भाड्याखालोखाल विचारतो ते 'स्टेशनवरून पिकअप आहे का?' हेच.

एका इंग्रजी क्रियापदाने या किनाऱ्यावर एवढी घरे केली आहेत. गंमत अशी, की हा शब्द इतक्या सहजतेने वापरणारा आपला विद्यार्थी इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत 'पिक अप' आले, की अडखळतो. शब्द ओळखीचा असतो, अर्थ मात्र ऐन वेळी निसटतो. राज्यातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. २००० साली ते पहिलीपासून आले. वर्षे वाढली, पण या प्रकारच्या क्रियापदांपुढची अडचण फारशी हटली नाही. पर्यटनावर पोट असणाऱ्या जिल्ह्यात ही केवळ गुणांची बाब राहत नाही. समुद्रावर तर ती त्याहूनही गंभीर ठरू शकते. त्याचा विचार पुढे करू.

इंग्रजीत क्रियापदाला 'अप', 'डाऊन', 'ऑफ', 'आऊट' यांसारखे लहानसे अव्यय जोडून नवाच अर्थ तयार होतो. अशा जोडीला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत अवघड जाते ती हीच गोष्ट, असे सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले होते. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ मध्ये ती छापील स्वरूपात रूढ केली आणि ती आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली, असे सांगितले. म्हणजे इंग्रज माणूस ही क्रियापदे शतकानुशतके वापरत होता, पण त्यांना सर्वमान्य नाव मिळायला विसावे शतक उजाडले.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. 'बोलणे' आणि 'बोलून टाकणे', 'देणे' आणि 'देऊन बसणे' यांतील फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. 'पैसे दिले' ही माहिती झाली. 'पैसे देऊन बसला' यात पश्चात्ताप आला. 'बसणे' या क्रियापदाचा खाली बसण्याशी तेथे काडीचा संबंध उरत नाही. इंग्रजीतील 'अप'चेही पुष्कळदा तसेच होते. 'ईट अप' म्हणजे वर खाणे नव्हे, खाऊन टाकणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणे. आपण जे काम 'टाकणे'कडून करून घेतो, ते इंग्रज माणूस 'अप'कडून करून घेतो, एवढेच.

आधी 'पिक', मग 'पिक अप'

'पिक' आणि 'पिक अप' यांतील भेद समजण्यासाठी देवगडच्या आंब्याच्या बागेसारखी दुसरी जागा नाही. झाडावरचा आंबा देठासह उतरविणे म्हणजे 'पिक' करणे. जमिनीवर पडलेला आंबा वाकून घेणे म्हणजे 'पिक अप' करणे. बागायतदाराच्या दृष्टीने या दोहोंत पेटीच्या भावाचा फरक आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' तयार केला तो आंबा 'पिक' करण्यासाठी, म्हणजे तो जमिनीवर न आपटता देठासह अलगद हाती यावा यासाठी. 'पिक अप' करावा लागलेला हापूस वाशीच्या बाजारात चांगल्या पेटीत जात नाही; त्याची रवानगी घरच्या आमरसात होते. बागेवर आलेल्या परदेशी पाहुण्याला 'वुई पिक अप ऑल अवर मँगोज' असे अभिमानाने सांगितले, तर आपण सगळा पडलेला आंबा विकतो असा त्याचा समज व्हायचा.

नुसत्या 'पिक'चा दुसरा अर्थ निवडणे. संघात कोणाला घ्यायचे ते 'पिक' करतात. त्यालाच 'आऊट' जोडले, की गर्दीतून नेमके ओळखून काढणे असा अर्थ येतो. तांदळातले खडे वेचणे, हेही 'पिक आऊट'. 'पिक ऑन' म्हणजे एखाद्याच्या मागे हात धुऊन लागणे. शाळेत एकाच मुलाला सगळे चिडवतात तेव्हा हा शब्द येतो. 'पिक अॅट' म्हणजे ताटातले अन्न नुसते चिवडत बसणे. बांगड्याची आमटी समोर असताना असे कोणी करील, ही शक्यता या जिल्ह्यात कमी.

वाक्यात कुठे बसते?

व्याकरणाचा एक नियम येथे ध्यानात ठेवलाच पाहिजे, कारण भल्याभल्यांची चूक तेथेच होते. जाळे उचल, हे 'पिक अप द नेट' असेही म्हणता येते आणि 'पिक द नेट अप' असेही. कर्म शेवटी ठेवा किंवा मध्ये, दोन्ही चालते. परंतु जाळ्याऐवजी 'ते' हे सर्वनाम आले, की ते मध्येच बसले पाहिजे. 'पिक इट अप' बरोबर. 'पिक अप इट' चूक. त्याचप्रमाणे 'मी तुम्हाला घ्यायला येईन' हे 'आय विल पिक यू अप' असे होते. 'पिक अप यू' हे वाक्य आपल्या किनाऱ्यावर रोज शेकडो वेळा बोलले जात असेल. पाहुण्याला ते कळते, हे खरे. पण ते इंग्रजी नव्हे.

उच्चाराचेही एक आहे. भूतकाळी रूप 'पिक्ड' असे शिकविले जाते आणि मुले 'पिकड' म्हणतात. प्रत्यक्षात 'क'नंतरचा हा 'ड' उच्चारात 'ट' होतो आणि पुढच्या 'अप'ला चिकटतो. बोलताना ऐकू येते ते 'पिक्टप'. हे ठाऊक नसेल तर परदेशी माणसाचे साधे वाक्यही डोक्यावरून जाते. शिवाय क्रियापद असताना हे दोन शब्द सुटे लिहितात आणि जोर 'अप'वर असतो. नाम झाले, की दोन्ही एकत्र येतात आणि जोर 'पिक'वर जातो. 'पिकअप' गाडी, गिटारच्या तारांचे कंपन टिपणारा 'पिकअप', इंजिनाचा 'पिकअप', ही सगळी नामे. मराठीने घेतले ते हे नाम, क्रियापद नव्हे. म्हणून तर आपल्याला त्याला पुन्हा 'करणे' जोडावे लागते : 'मला पिकअप करा.' मागील बाजू उघडी असलेल्या गाडीला हे नाव अमेरिकेत पडले. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या 'मॉडेल टी'ला कारखान्यातच 'पिकअप' सांगाडा बसवून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून ते जगभर गेले.

न्यायला की आणायला?

मालवण शहराला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला, पण तो शहरापासून आत, पूर्वेकडून जातो. मालवणला येणारा प्रवासी कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळ येथे उतरतो आणि तेथून रस्त्याने किनाऱ्याकडे वळतो. परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. तेथूनही पुढचा प्रवास गाडीनेच. त्यामुळे प्रवाशाला 'पिक अप' करणे हा येथील निवास-न्याहारी व्यवसायाचा अविभाज्य भाग बनला आहे.

या अर्थाने 'पिक अप' म्हणजे एखाद्याला ठरलेल्या ठिकाणाहून आपल्या वाहनात घेणे. मराठीत याला एकच शब्द नाही, आणि ही मराठीची उणीव नसून श्रीमंती आहे. आपण 'न्यायला येतो' किंवा 'आणायला जातो'. पाहुण्याशी बोलताना 'मी तुम्हाला न्यायला येतो'; तीच गोष्ट घरात बायकोला सांगताना 'पाहुण्यांना आणायला जातो'. बोलणारा कोठे उभा आहे आणि ऐकणारा कोठे, हे मराठी क्रियापदातच सांगून टाकते. इंग्रजी 'पिक अप'ला त्याची पर्वा नसते. स्थानकावरचा, घरातला आणि गाडीतला, तिघेही तेच क्रियापद वापरतात. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना हे काम सोपे आहे. उलट दिशेने येताना दर वेळी थांबून विचार करावा लागतो.

याची जोडी 'ड्रॉप'. 'पिकअप अँड ड्रॉप' हे आपल्याकडच्या पाट्यांवरचे लाडके शब्द. पोहोचवून उतरविणे यासाठी इंग्रजीत रूढ क्रियापद 'ड्रॉप ऑफ' असे आहे. 'ड्रॉप मी अॅट द जेटी' चालते. परंतु नुसतेच 'आय विल ड्रॉप यू' म्हटले, तर 'मी तुला खाली पाडीन' किंवा 'तुला संघातून वगळीन' असाही अर्थ निघू शकतो. होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या प्रवाशाला पहिला अर्थ रुचणार नाही.

एक सावधगिरीही नमूद केली पाहिजे. अनोळखी व्यक्तीशी सलगी करून तिला बरोबर नेणे, असा 'पिक अप'चा एक सैल अर्थ इंग्रजी बोलीत आहे. वेळ आणि ठिकाण सांगितले, की गैरसमज होत नाही. 'आय विल पिक यू अप अॅट एट फ्रॉम द जेटी' या वाक्यात वावगे काही नाही. मात्र 'आय पिक्ड अप टू टुरिस्ट्स अॅट द बीच' असे मोघम बोलणे मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्या तरुणांनी टाळलेले बरे.

शिकणे, जडणे, सावरणे

शिकवणीशिवाय, ऐकून ऐकून एखादी भाषा येऊ लागते तेव्हा इंग्रजीत ती 'पिक अप' केली असे म्हणतात. हा अर्थ समजावण्यासाठी मालवणीइतके चांगले उदाहरण नाही. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आले, मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि कोकणाशी सुतराम संबंध नसलेल्या मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी मालवणी शब्द उचलले. कोणी त्याचे वर्ग भरविले नव्हते. मराठीतही येथे 'उचलले' हेच क्रियापद नैसर्गिक वाटते, हे विशेष. बंदर जेटीवर होडीचे तिकीट विकणारी मुले रशियन किंवा गुजराती आकडे म्हणून दाखवतात, तीही 'पिक अप'चीच किमया.

मात्र जे नकळत येते ते नेहमीच चांगले असते असे नाही. सवय, व्यसन, सर्दी-खोकला, पोटाचा विकार, हे सर्व इंग्रजीत 'पिक अप' केले जाते. तेथे मराठी 'उचलणे' चालत नाही. सवय जडते, व्यसन लागते, रोगाची लागण होते. मराठीत कर्ता रोग असतो, माणूस बिचारा 'त्याला' होऊन बसतो. इंग्रजीत माणूसच कर्ता. 'ही पिक्ड अप अ फीव्हर' याचे 'त्याने ताप उचलला' असे भाषांतर कोणी करीत नाही, पण उलट जाताना 'फीव्हर केम टू हिम' असे लिहिणारे विद्यार्थी आढळतात.

कर्माशिवाय वापरल्यास 'पिक अप' म्हणजे सुधारणे, सावरणे, वेग घेणे. 'बिझनेस इज पिकिंग अप' हे वाक्य मालवणला दिवाळीच्या सुमारास लागू पडते. पावसाळ्यात बंद असलेली किल्ला होडी वाहतूक आणि जलक्रीडा सुरू होऊन हंगामाने जोर धरलेला असतो. 'जोर धरणे' हा वाक्प्रचार येथे अगदी चपखल आहे. तो लक्षात ठेवावा, कारण पुढच्या मुद्द्याची सारी मदार त्यावर आहे.

वारा 'पिक अप' होतो तेव्हा

'द विंड विल पिक अप बाय इव्हनिंग.' या वाक्याचा अर्थ, संध्याकाळपर्यंत वारा जोर धरील. परंतु ज्याने 'पिक अप म्हणजे उचलणे' एवढेच पाठ केले आहे, त्याला वारा 'उचलला जाईल', म्हणजे निघून जाईल, असे वाटण्याचा संभव आहे. अर्थ नेमका उलटा. मराठीत वारा 'पडतो' तो शांत होतो आणि इंग्रजीतही त्यासाठी 'ड्रॉप' हेच क्रियापद आहे. म्हणजे येथेही पुन्हा 'पिकअप' आणि 'ड्रॉप'ची जोडी आहेच. फक्त मराठीने तिचा एक अर्धा भाग घेतला आणि दुसऱ्याला 'उचलणे' न म्हणता 'सुटणे', 'जोर धरणे', 'वाढणे' असे शब्द दिले.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांत वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये असतो आणि ते मराठीतूनही मिळतात, त्यामुळे तेथे घोटाळा होण्याचे कारण नाही. घोटाळा होऊ शकतो तो मोबाइलवरील परदेशी हवामान अॅपच्या चार शब्दी टिपणांत किंवा दुसऱ्या जहाजावरून कानी पडणाऱ्या बोली इंग्रजीत. २००९ च्या नोव्हेंबरातील 'फयान' वादळाने ऐन मासेमारीच्या हंगामात कोकणातील अनेक नौकांना समुद्रावर गाठले. २०२१ च्या मे महिन्यातील 'तौक्ते'ने मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचा किनारा झोडपून काढला. अशा प्रसंगी एका शब्दाचा अर्थ उलटा लावणे कोणाला परवडणारे नाही.

समुद्रावर या क्रियापदाचे आणखी दोन अर्थ तितकेच महत्त्वाचे आहेत. पहिला, संदेश किंवा संकेत पकडणे. सागरी 'व्हीएचएफ' रेडिओवर सोळा क्रमांकाची वाहिनी संकटसमयीच्या हाकेसाठी जगभर राखीव असते. त्या वाहिनीवरील हाक जवळच्या जहाजाने ऐकली, की ती 'पिक अप' केली असे म्हणतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने मच्छीमारांसाठी जे संकट-सूचक यंत्र विकसित केले, ज्याला किनाऱ्यावर 'डॅट' या नावाने ओळखतात, त्याचा संदेश उपग्रह 'पिक अप' करतो आणि तो तटरक्षक दलाकडे पोहोचतो. येथे उचलण्यासारखे हातात काहीच नसते; मराठी शब्द 'टिपणे' किंवा 'पकडणे'.

दुसरा अर्थ, पाण्यात पडलेल्या माणसांना वर घेणे. 'सर्व्हायव्हर्स वेअर पिक्ड अप' म्हणजे वाचलेल्यांना पाण्यातून वर काढण्यात आले. 'तौक्ते'च्या वेळी मुंबईजवळच्या समुद्रात बुडालेल्या 'पी-३०५' या बार्जवरील माणसांसाठी नौदलाने जे केले, ते हेच. म्हणजे वारा 'पिक अप' झाला, हाक 'पिक अप' झाली, माणसे 'पिक अप' झाली : तीन वाक्ये, तीन अर्थ, आणि पहिला धोक्याचा तर पुढचे दोन सुटकेचे.

सागरी इंग्रजीतील अशा संदिग्धतेचा अनुभव जगभर आल्यामुळेच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरील संभाषणासाठी प्रमाण वाक्यांचा संच स्वीकारला. ज्या शब्दांचे दोन अर्थ होऊ शकतात ते टाळावेत, एका गोष्टीला एकच शब्द असावा, हे त्यामागचे सूत्र. मोठ्या जहाजांवर नोकरी करणाऱ्या कोकणातील तरुणांना हा संच अभ्यासावाच लागतो. छोट्या नौकेवरील तांडेलापर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचतो.

'अप'चा विषय निघालाच आहे तर मालवणच्या समुद्रातील आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्कूबा डायव्हिंगला गेलेला नवखा पर्यटक प्रवाळ पाहून हरखतो आणि प्रशिक्षकाला अंगठा वर करून दाखवतो. त्याच्या मनात 'छान!' असते. पाण्याखालच्या खुणांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. नियमाने वागणारा प्रशिक्षक त्याला निमूटपणे वर घेऊन येतो आणि पर्यटकाची पाण्याखालची मौज तेथेच आटोपते. येथे 'अप' या शब्दाचा अक्षरशः एकच अर्थ आहे.

उचल, उचल्या आणि पोलीस

आता उलट बाजूने पाहू. मराठी 'उचलणे' दिसले, की इंग्रजीत 'पिक अप' लिहावे का? बहुतेक वेळा नाही. पाऊल उचलणे, विडा उचलणे, एखाद्यावर हात उचलणे, मागणी उचलून धरणे, यांपैकी कोठेही 'पिक अप' चालत नाही. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' या म्हणीचे शब्दशः इंग्रजी करून पाहणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी लागेल. खर्च उचलणे मात्र जुळते. हॉटेलातील सर्वांचे बिल एकाने भरले तर ते त्याने 'पिक अप' केले असे म्हणतात. दूरध्वनी उचलणेही जुळते. मालवणीत 'तेना फोन उचलूक नाय' आणि इंग्रजीत 'ही डिड नॉट पिक अप', दोन्हीकडे कल्पना एकच. मोबाइल आल्यावर उचलायला श्रवणी उरली नाही, तरी क्रियापद दोन्ही भाषांत टिकले.

'उचल' हे नाम तर सर्वस्वी आपले. हंगाम सुरू होण्यापूर्वी नौकामालक खलाशांना उचल देतो. ऊसतोड मजुराला मुकादम उचल देतो. साखर कारखाना शेतकऱ्याला पहिली उचल देतो. पहिल्या दोन ठिकाणी इंग्रजीत 'अॅडव्हान्स' म्हणावे लागेल आणि तिसऱ्या ठिकाणी 'फर्स्ट इन्स्टॉलमेंट'. तरीही खलाशाच्या उचलीतील बांधिलकी 'अॅडव्हान्स' या गुळगुळीत शब्दात येत नाही. उचल घेतलेला माणूस हंगामभर त्या नौकेचा झाला, हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असते.

'उचल्या' या शब्दाची कथा आणखी बोलकी. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ मधील आत्मकथनाचे हे नाव. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ते इंग्रजीत आले तेव्हा शीर्षकासाठी उचलण्याशी नाते सांगणारा शब्द न घेता 'द ब्रँडेड' हे नाव देण्यात आले, म्हणजे डागलेला, शिक्का बसलेला. एका जमातीवर लादलेल्या कलंकाचा अर्थ 'पिक अप'च्या आवाक्यातला नव्हता, हे सहज पटते.

पोलिसांनी 'उचलले', हे मात्र दोन्ही भाषांत बोलले जाते आणि दोन्ही भाषांत सारखेच मोघम आहे. 'द पुलीस पिक्ड हिम अप' या वाक्यातून त्याला चौकशीसाठी नेले, ताब्यात घेतले की अटक केली, हे कळत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. अटक झालेल्या किंवा कोठडीत ठेवलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचे बंधन राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने घातले आहे. तो काळ कधीपासून मोजायचा, हा प्रश्न 'उचलले' या शब्दाने धूसर होतो. वृत्तपत्रात 'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली' असे वेगवेगळे लिहिण्याचा आग्रह धरला जातो तो यामुळे; निव्वळ भाषाशुद्धीच्या हौसेपोटी नव्हे.

मराठी वृत्तपत्रांचा आणि इंग्रजीचा या जिल्ह्यापुरता संबंध तर पहिल्या अंकापासूनचा आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला जाई. एका भाषेचा वाचक दुसरी भाषा डोळ्यांनी टिपत जाई. पुढच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटले. त्या पद्धतीने व्याकरण पक्के झाले, पण शब्दाला शब्द जोडण्याची सवयही लागली. 'कलेक्ट', 'इम्प्रूव्ह', 'अॅक्वायर', 'डिटेक्ट', 'रिझ्यूम' हे लॅटिन वळणाचे शब्द आपल्याला म्हणूनच सोपे वाटतात. त्यांना प्रत्येकी एकेक मराठी प्रतिशब्द देता येतो. इंग्रज माणूस घरात या पाचही शब्दांऐवजी 'पिक अप' म्हणून मोकळा होतो. कचेरीत अर्ज लिहिताना आपले इंग्रजी उत्तम असते आणि जेटीवर गप्पा मारताना ते अडते, याचे निम्मे कारण येथे आहे.

उन्नेयी बंधारा

सरकारी मराठीने 'पिक अप'चे जे केले, तेही नोंदविण्याजोगे आहे. धरणातून नदीत सोडलेले पाणी खाली एखाद्या ठिकाणी पुन्हा अडवून, त्याची पातळी वाढवून, कालव्यात वळवितात. अशा बंधाऱ्याला अभियंते 'पिकअप विअर' म्हणतात. सोडलेले पाणी तो पुन्हा उचलतो म्हणून. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त तिलारी प्रकल्पात दोडामार्ग तालुक्यातील तेरवण-मेढे येथे असा बंधारा आहे. जलसंपदा विभागाच्या कागदांत त्याला 'उन्नेयी बंधारा' असे नाव आहे. 'उद्' म्हणजे वर आणि 'नी' म्हणजे नेणे. इंग्रजीतील दोन्ही तुकड्यांना संस्कृतातील दोन तुकडे इतक्या काटेकोरपणे दिल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. शब्द निर्दोष आहे, परंतु पहिल्या वाचनात तो किती जणांना कळतो हा भाग वेगळा. 'उचल बंधारा' म्हटले असते तर शेतकऱ्याला तो कर्जवाटपाचा प्रकार वाटला असता, हेही खरे.

एसटीच्या निवाऱ्याबाबत सरकारी मराठी अधिक समजूतदार ठरली. 'प्रवासी निवारा' हा शब्द सोपा आहे, पाट्यांवर लिहिलेलाही असतो. तरीही गाववाले 'पिकअप शेड'च म्हणतात आणि त्या शब्दाला त्यांनी मराठी लिंगही देऊन टाकले आहे. ती पिकअप शेड. इंजिनाचा तो पिकअप. स्थानकावरून मिळणारा, तोही पिकअप. आणि मासळीची गाडी मात्र, कोणी टेम्पो मनात धरून बोलत असेल तर तो पिकअप, गाडी मनात धरून बोलत असेल तर ती.